कुणाच्यात?

"त्यांच्यात असतंच हो ते," असं कुणी म्हणालं की माझी मान अजूनही डावीकडे वळते. गाडीत माझ्या डाव्या हाताला मालतीबाई बसायच्या. मागच्या सीटवर बसायला त्यांचा विरोध होता. मागे बसलं की माणूस साहेब होतो आणि साहेब झाला की त्याला रस्ता दिसेनासा होतो, असं त्यांचं म्हणणं. तर कुणी हे वाक्य उच्चारायचा अवकाश, डावीकडून प्रश्न यायचा, "कुणाच्यात?"

आवाज चढलेला नसायचा, पण समोरच्याची पंचाईत व्हायची. 'त्यांच्यात' हा शब्द आपण मराठी माणसं मोठ्या सोयीने वापरतो. जात म्हणायची नाही, धर्म म्हणायचा नाही, मुलूख म्हणायचा नाही. 'आमच्यात चालत नाही', 'त्यांच्यात चालतं' म्हटलं की भागतं. सगळ्यांना कळतं आणि कुणीच काही बोललेलं नसतं. मालतीबाई ते झाकण उघडायला लावायच्या. माणूस चाचरत कुठल्यातरी जातीचं नाहीतर जिल्ह्याचं नाव घ्यायचा. मग दुसरा प्रश्न, "का असतं?" आणि राग आला असेल तर त्यांचं परभणीकडचं बोलणं बाहेर पडायचं, "काहून असतं?" काहून ऐकू आलं की मी गाडीची किल्ली हातात घ्यायचो. आता इथून उठावं लागणार, हे मला अनुभवाने कळायला लागलं होतं.

मी दत्ता. पिंपरीच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला होतो. कंपनी बंद पडली, हातात घरची गाडी उरली, ती मालतीबाईंच्या संस्थेने महिन्याच्या बोलीवर घेतली. आधी नुसता ड्रायव्हर होतो, नंतर ऑफिसची वीज, पाणी, झेरॉक्स सगळंच माझ्याकडे आलं. बाईंचं काम नेमकं काय, हे मला पहिले कित्येक महिने सांगता यायचं नाही. बायकोने विचारलं, "डॉक्टर आहेत का?" म्हटलं, "आहेत, पण गोळी देत नाहीत." "मग काय देतात?" "त्रास देतात."

त्यांचं काम थोडक्यात असं. गाव एक, पाणी एक, कंपन्यांचा धूर एक, तरी काही ठरावीक समाजांचीच पोरं जास्त का दगावतात, त्यांच्याच बायका का सुकतात? लोक म्हणतात रक्तात असतं, सवयीत असतं. बाई म्हणायच्या, रक्तात काही नसतं. त्यांना राहायला कुठे ठेवलंय, दवाखाना कधी उघडतो आणि नाव ऐकल्यावर डॉक्टरच्या डोक्यात काय येतं, त्यात असतं. एक वर्ष त्या परदेशातल्या विद्यापीठात राहून आल्या होत्या. तिथले संशोधक काळ्या आणि गोऱ्या आयांबद्दल हेच शोधत होते. "तिकडे कातडी बघतात दत्ताराव, इकडे आडनाव बघतात. बाकी सगळं तेच. मी उगाच विमानाने गेले."

म्हणून स्वतःचं आडनाव त्या सांगत नसत. त्यांच्या पुस्तकावर असायचं, कारण विद्यापीठाला लागतं. तोंडाने नाही. कुठल्याही ऑफिसच्या दारात हा प्रसंग ठरलेला.

"नाव?"

"मालती."

"पुढे?"

"पुढे काही नाही."

वॉचमन पेन उचलून थांबून राहायचा. मागे रांग लागायची. मला लाज वाटायची. एकदा मी म्हणालोही, की सांगून टाका ना, त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? बाई म्हणाल्या, "त्याचं नाही चुकलं. पण त्याला पुढचं कळलं की त्याची मान किती वाकेल ते ठरतं. मला त्याची मान सरळ पाहिजे." आडनाव मला ठाऊक आहे. पण इथेही सांगत नाही, त्यांना आवडणार नाही.

ऑफिस कासारवाडीला, रेल्वे स्टेशनला लागून. गाडी धडधडत गेली की बोललेलं ऐकू यायचं नाही. बाकी सगळे ओरडून बोलायचे. बाई तोंडातल्या अर्ध्या शब्दावर थांबायच्या आणि गाडी गेली की त्याच अर्ध्या शब्दापासून पुढे चालू करायच्या. भांडणसुद्धा असंच. मधल्या वेळात समोरच्याला वाटायचं, बाई विसरल्या असतील. त्या कधीच विसरायच्या नाहीत. रागावून झालं की पर्समधून आल्याची वडी काढून हातावर ठेवायच्या. वडी मिळाली म्हणजे राग संपला. चूक मात्र तशीच आहे, असा त्याचा अर्थ.

चाकणजवळच्या एका गावात आमचं काम बरंच चाललं. तिथे अण्णा म्हणून एक घरमालक होते. जमीन कंपनीत गेली, पैशांतून त्यांनी खोल्या बांधल्या. पुढे स्लॅबची चाळ, खिडक्या, ओटा, दारात तुळस. मागे पत्र्याच्या खोल्या, जिथे पूर्वी गुरं असायची. पुढच्या खोल्या 'आपल्या माणसांना', म्हणजे बार्शी, लातूर, नगरकडून आलेल्यांना. मागच्या खोल्या झारखंड, ओडिशाच्या लोकांना. त्यांच्यात आदिवासी बरेच.

"पुढली खोली रिकामी आहे ना अण्णा, मग त्यांना का नाही देत?" बाईंनी विचारलं.

"न्हाई ताई. आमी त्या लोकांस्नी पुढं न्हाई ठेवत. त्यांच्यात खोकला लई असतुय. पोरं बारमाही खोकत्यात."

"कुणाच्यात?"

अण्णा हसले. "तुमाला ठावं हाय की."

बाईंनी त्या दिवशी वाद घातला नाही, याचं मला नवल वाटलं. पुढल्या वर्षी बार्शीकडचं एक कुटुंब आलं. पुढची चाळ भरलेली, म्हणून अण्णांनी त्यांना तात्पुरतं मागे टाकलं. थंडी संपेपर्यंत त्यांची दोन्ही पोरं खोकायला लागली. आम्ही गेलो तेव्हा अण्णा स्वतः होऊन सांगायला लागले, "बघा ताई, काय दिवस आल्यात. आता बार्शीवाल्यांच्यातबी आलं ह्ये."

बाई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. अण्णांना कळेना काय झालं. माणसं बदलली, खोली तीच राहिली, तरी अण्णांना खोली दिसेना. त्यांनी खोकला उचलला आणि बार्शीच्या माथी मारला. डोळे पुसून बाई म्हणाल्या, "अण्णा, मागच्या खोल्यांना खिडक्या पाडा."

"गोठ्याला कुठं खिडकी आस्ती व्हय?" अण्णा बोलून गेले.

अण्णांच्या बायकोने चहा आणला तो आम्ही मुकाट्याने प्यायलो. अण्णा वाईट माणूस नव्हता, हेच तर खरं दुखणं. वाईट असता तर भांडून मोकळं होता आलं असतं. परत येताना तळेगाव चौकात नेहमीसारखी गाडी अडकली. बाई काचेबाहेर बघत म्हणाल्या, "एवढी वर्षं झाली, मी आकडे मांडतेय. त्या माणसाने एका वाक्यात सांगून टाकलं आणि त्यालाच ऐकू आलं नाही."

सुगंती त्याच मागच्या खोल्यांत राहायची. झारखंडची. नवरा-बायको दोघंही ठेकेदाराकडून एका कंपनीत पॅकिंगला. अंगाने काडी, पण बोलायला पक्की. आम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. बाईंनी एका रविवारी तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना गळ घालून मागच्या खोल्यांतल्या बायकांचं रक्त तपासायला आणलं. डॉक्टर तरुण, हुशार, आईला रोज फोन करणारा मुलगा. सुगंतीचा आकडा बघून त्याने तिला नुसतं पुढे सरकवलं.

"इतकं कमी?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, त्यांच्यात हिमोग्लोबिन एवढंच असतं. त्यांना सवय असते. आपल्याला चक्कर येईल, त्या कामाला जातात."

मी किल्ली चाचपली. पण काहून आलं नाही. बाईंनी आपला हात पुढे केला. "माझंही बघा."

डॉक्टरने बोटाला सुई टोचली, थांबला, परत बघितलं. चेहरा उतरला. "मॅडम, हे बरोबर नाही. तुम्ही उद्याच्या उद्या सगळ्या तपासण्या करून घ्या. गोळ्या आजच सुरू करा. एवढ्या कमीवर तुम्ही फिरताय कशा?"

"किती आहे?"

त्याने सांगितलं. सुगंतीचा होता तोच आकडा.

"मग माझ्यात का नाही एवढंच असत?" बाई म्हणाल्या. "मला का नाही सवय?"

पोराची मान खाली गेली. त्याने सुगंतीला परत बोलावलं, पोट तपासलं, गोळ्या दिल्या, दर आठवड्याला सकाळी दवाखान्यात येऊन इंजेक्शन घ्यायला सांगितलं. बाईंनी त्याच्या हातावर वडी ठेवली. जाताना मी त्यांना म्हटलं, तुमच्या तपासण्यांचं काय? तर म्हणाल्या, "माझं सोडा हो. ते उदाहरणापुरतं होतं." बायकोशी बोलावं तसं मी त्यांच्याशी बोलू शकत नव्हतो, नाहीतर तिथेच बोललो असतो.

सुगंतीला ते इंजेक्शन काही मिळालं नाही. दवाखाना सकाळी उघडायचा आणि दुपारनंतर बंद व्हायचा. ती सकाळच्या शिफ्टला. "सुबह आऊँगी तो ठेकेदार दूसरी को रख लेगा, मैडम," ती म्हणायची. बाईंनी ठेकेदाराला फोन केला, तो हो म्हणाला आणि काही झालं नाही. दवाखान्यात त्याची नोंद 'पेशंट येत नाही' अशी झाली. सुगंती दिवस भरण्याआधीच बाळंत झाली आणि मूल दोन दिवस जगलं.

आम्ही गेलो तेव्हा ती दारात बसली होती. आत पत्रा तापलेला. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. त्यांची हिंदी फार धेडगुजरी. "तुमने गोली खाया था ना?" असं काहीतरी विचारलं. सुगंतीने मान हलवली. मग आमचीच समजूत काढावी तशी म्हणाली, "कमज़ोर था, मैडम. हमारे में ऐसा ही होता है।"

मी बाईंकडे बघितलं. प्रश्न आला नाही. माझ्या माहितीत त्या एकदाच गप्प बसल्या, ती ही वेळ. सुगंतीच्या हातावर वडी ठेवायला पर्स उघडली आणि तशीच बंद केली. परतीच्या वाटेवर त्या बोलल्या ते एवढंच, "तिला मी आकडा सांगितला. त्याचं ती काय करणार होती? तिला संध्याकाळ पाहिजे होती."

तेव्हापासून त्यांचं सगळं संशोधन एका मागणीवर येऊन बसलं. मागच्या खोल्यांसाठी दवाखाना संध्याकाळी उघडा. शिफ्ट सुटल्यावर बायका चालत येतील एवढ्या अंतरावर डॉक्टर आणि नर्स बसवा. नवीन इमारत नको, मशीन नको, नुसती वेळ बदला. मला वाटलं, हे काय, महिनाभरात होईल.

झालं काय, तर पोस्टर आली. गठ्ठेच्या गठ्ठे. दवाखान्याच्या वरच्या ऑफिसने बाईंचा अहवाल वाचून 'त्या समाजातील आहारविषयक सवयींबाबत जनजागृती' मंजूर केली होती. पोस्टरवर नऊवारी नेसलेली, गुबगुबीत गालांची एक बाई, हातात मेथीची जुडी, आणि खाली मराठीत लिहिलेलं, हिरव्या पालेभाज्या खा. मागच्या खोल्यांत मराठी वाचणारं कुणी नव्हतं. मेथी सगळ्यांना आवडायची, पण शिफ्टवरून येईपर्यंत बाजार उठलेला असायचा. बाईंनी पोस्टर उलटं करून त्यावर नवीन अर्ज खरडला. त्या अर्जाचं उत्तर म्हणून आणखी पोस्टर आली.

मागच्या खोल्यांतल्या बायकांनी मात्र ती पत्र्याच्या फटींवर चिकटवली. कागद जाड होता. सुगंती म्हणाली, "और है क्या, मैडम? इससे हवा रुकती है।" मी ऑफिसातला उरलेला गठ्ठा नेऊन दिला. सरकारी जनजागृतीचा उपयोग झालेला मी याचि डोळा पाहिला, तो हाच. बाईंना हसू आलं नाही. त्या दिवसांत त्यांना हसू कमी आणि धाप जास्त यायला लागली होती.

मग सुगंतीला परत दिवस गेले. बाईंनी ऐकलं आणि हिशेब मांडल्यासारख्या बोटं मोजत बसल्या. पुढचा आठवडाभर आम्ही पिंपरीतल्या त्या वरच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. साहेब तसे सज्जन. उठून उभे राहायचे, चहा मागवायचे, बाईंचं पुस्तक टेबलावर दिसेल असं ठेवलेलं. अखेर भेट ठरली. बाईंनी सगळं परत सांगितलं. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमची तळमळ समजते. पण संध्याकाळी स्टाफ थांबत नाही. आणि मुळात त्या लोकांची मानसिकता बदलली पाहिजे. आपण जनजागृतीचा दुसरा टप्पा घेऊ. या वेळी हिंदीतून."

बाई उठल्या. नमस्कार केला. खाली येऊन गाडीत बसल्या. सिग्नलला मी न राहवून म्हणालो, "एवढा शिकलेला माणूस, त्याला एवढं कळू नये?"

"जाऊ द्या हो दत्ताराव," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "त्या ऑफिसरांच्यात असतंच ते."

सिग्नल सुटला. मी गिअर टाकला. थोडं पुढे गेलो असू, त्यांनी डोळे उघडले.

"मी आत्ता काय बोलले?"

मी गिअर बदलला.

"गाडी वळवा."

"मॅडम, यू-टर्न पार पुढच्या चौकात आहे. आणि ऑफिस सुटेल आता."

"वळवा म्हणते ना. त्यांच्यात असतंच म्हटलं की विचारायचं काही उरत नाही. आपण सुटलो, घरी जाऊन जेवायला मोकळे. त्या डॉक्टरने हेच केलं, अण्णाने हेच केलं. आता मीच करतेय. काहून थांबत नाही स्टाफ? विचारलं का मी? नुसती उठून आले."

वर काय झालं ते मी पाहिलं नाही. पण बऱ्याच वेळाने त्या खाली आल्या तेव्हा म्हणाल्या, "साधी गोष्ट होती. नर्स बायांना अंधार पडल्यावर घरी जायला गाडी नाही, म्हणून थांबत नाहीत. कुणी विचारलंच नव्हतं." आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, प्रायोगिक तत्त्वावर, आणि नर्सना घरी सोडायला गाडी संस्थेची. म्हणजे माझी. मला विचारलं नव्हतं. वडी मात्र मिळाली.

सुगंतीला मुलगी झाली. किरकोळ आहे, पण रडते जोरात. दवाखाना अजून प्रायोगिकच आहे, दर थोड्या महिन्यांनी बंद पडतो आणि कुणीतरी भांडून परत चालू करतं. अण्णांनी मागच्या खोल्यांना खिडक्या पाडल्या आणि खिडक्या आहेत म्हणून भाडं वाढवलं. ते ऐकून बाई म्हणाल्या होत्या, "हे मला सुचलं नव्हतं." डोक्याला हात लावावा अशीच सगळी मिळकत.

आणि बाई गेल्या. त्यांचं रक्त कमी होण्यामागे कारण होतं. पोटात आत कुठेतरी थेंबथेंब जात होतं. त्या पोराने सुई टोचली त्याच आठवड्यात तपासलं असतं, तर वेळेत सापडलं असतं, असं मोठ्या डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं. मला बाईंचा राग येतो. दुसऱ्याच्या रक्ताचं कारण शोधायला पायाला भिंगरी लावून फिरल्या आणि स्वतःचा आकडा उदाहरणापुरता ठेवला. अजूनही गाडी चालवताना मधेच मी त्यांच्याशी भांडतो. हॉस्पिटलमधली शेवटची भेट मी धरत नाही. तिथे त्यांच्या उशाशी पाटी होती आणि पाटीवर आडनाव होतं.

मी धरतो ती गाडी वळवली त्या संध्याकाळची भेट. गाडी लावून मी त्यांच्या मागे पळत गेटवर पोचलो, तर वॉचमनने त्यांना अडवलं होतं. "मॅडम, ऑफिस सुटलं. साहेब निघतायत. बरं, नाव?"

"मालती."

"पुढे?"

"पुढे जिना आहे, सोड मला," म्हणाल्या आणि आत शिरल्या.

लिफ्ट बंद होती. पहिल्या वळणावरच त्यांना धाप लागली. कठड्याला धरून उभ्या राहिल्या, ओठ पांढरे पडलेले. मी म्हटलं, "बसा जरा. उद्या येऊ. त्या डॉक्टरने सांगितलेल्या गोळ्या तरी घेता का तुम्ही?"

"काही नाही हो," श्वास सापडल्यावर त्या म्हणाल्या. "या वयात बायकांच्यात असतंच ते."

"कुणाच्यात?" मी विचारलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. वर साहेबांच्या केबिनला कुलूप लावल्याचा आवाज आला. त्या एकदम हसल्या, चोरी पकडल्यासारख्या, आणि बोट उगारून म्हणाल्या, "थांबा, आधी वरचं उरकते." मग साडीच्या निऱ्या एका हातात धरून पुढचा जिना चढायला लागल्या.